एक्कावन्न पत्त्यांचा हिवाळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही नाही. आमच्यात तशी लपवालपवी नसते – त्याला माझ्या बँकेचा पिन माहीत आहे, मला त्याच्या पोटाच्या सगळ्या तक्रारी माहीत आहेत – पण एवढं मात्र मी बाजूला ठेवलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीचं माणूस समोर असतं तर पहिल्या दोन वाक्यांतच मी विषय बदलला असता, नाहीतर चहा टाकते म्हणून उठले असते. बोलण्यात मी पटाईत आहे. कॉलेजात गणित शिकवते; समोरच्याला पटेल असं बोलणं हाच माझा धंदा.

कुठून सुरुवात करू? उन्हापासून करते. त्या हिवाळ्यातलं मला सगळ्यात आधी ऊनच आठवतं.

आम्ही लखनौला राहतो, गोमती नगरमध्ये. माझं माहेर सांगलीचं. तिकडे आम्ही उन्हापासून पळायचो. इथे थंडीत ऊन पडणं हाच सण. सकाळी धुकं असं दाटतं की समोरच्या इमारतीचे वरचे मजले दिसतच नाहीत. रस्त्यावरून ई-रिक्षा जाते ती नुसती ऐकू येते. दुपारी केव्हातरी ते विरतं आणि अख्खी कॉलनी गच्चीवर येते. रजाया उन्हात पडतात, बायका मटार सोलायला बसतात, पोरं पतंग घेऊन कठड्यावर चढतात आणि शिव्या खातात. ऊनही कसं – पातळ, कोमट, अंगावर पडलं तरी पडल्यासारखं न वाटणारं. त्यात बसलं की डोळे मिटतात, पण झोप लागत नाही. माणूस मधल्यामध्ये तरंगत राहतो. मी जे सांगणार आहे ते सगळं अशा तरंगत्या दुपारींत घडलं. म्हणून कधीकधी वाटतं, ते घडलंच नसेल. पण घडलंय.

गच्चीवर आमचा एक जुना तखत आहे, लाकडी, चौघं बसतील एवढा. त्यावर रजाई अंथरून मी पत्ते मांडायचे.

पत्ते म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असतील. सांगते. ब्लॅकजॅक नावाचा कॅसिनोतला खेळ आहे. पत्त्यांची बेरीज एकविसाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. एकविसाच्या वर गेलात की मेलात. समोर वाटणारा बसलेला असतो, त्याचा एक पत्ता उघडा असतो. तुमच्या हातात किती आणि त्याचा पत्ता कोणता, यावरून आणखी पत्ता घ्यायचा की थांबायचं याचे नियम ठरलेले आहेत. त्याचा तक्ताच मिळतो. मी आयुष्यात कॅसिनोची पायरी चढलेली नाही. पैसे लावून तर दिवाळीतही खेळत नाही, आणि लखनौच्या दिवाळीत न खेळणारं माणूस म्हणजे शेजाऱ्यांना नवलच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतली मी. पण वर्गात संभाव्यता शिकवताना हा खेळ उदाहरणादाखल हाती लागला आणि मी त्यात गुंतले ती गुंतलेच.

का? नाण्याला आठवण नसते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. दहा वेळा छापा पडला तरी अकराव्या वेळी नाण्याला त्याचं काही नसतं. पत्त्यांच्या कॅटाला मात्र आठवण असते. गेलेला पत्ता परत येत नाही. म्हणून काय काय गेलं हे जो लक्षात ठेवील, त्याला काय उरलंय याचा अंदाज येतो. मला हे फार आवडायचं. आपण लक्ष दिलं तर जगाला त्याची किंमत आहे, असं काहीतरी वाटायचं.

मोजायची रीत सोपी आहे. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा लहान पत्ता गेला की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी – शून्य. दश्शी, चित्रं आणि एक्का गेला की उणे एक. लहान जितके, मोठेही तितकेच. म्हणून अख्खा कॅट संपला की मोजणी शून्यावर आलीच पाहिजे. आलीच पाहिजे – एवढं तुम्ही ध्यानात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

आणि मोजणी चढली-उतरली की काही ठिकाणी ठरलेला नियम सोडून द्यावा लागतो. तुमच्याकडे सोळा आहेत, समोर दहा आहे – नियम सांगतो, पत्ता घे. पण मोजणी शून्याच्या वर असेल तर थांब. तुमच्याकडे बारा, समोर तिर्री – नियम सांगतो, घे. मोजणी दोनावर पोचली असेल तर घेऊ नकोस. इंग्रजीत याला डेव्हिएशन म्हणतात. आम्ही फाटे म्हणायचो. सरळ रस्त्याला कुठल्या आकड्यावर कुठला फाटा फुटतो ते पाठ करायचं, आणि मोजणीत एकाचीही चूक झाली की फाटा चुकला. आम्ही म्हणजे मी आणि केतकी.

केतकी ही सुधीरच्या थोरल्या बहिणीची, नलूताईंची मुलगी. नलूताईंचे यजमान रेल्वेत इंजिनीअर; त्यांनी विकास नगरला घर बांधलं आणि ते इथलेच झाले. केतकी इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत. मी विचारायचे, "जेवलीस का गं?" ती म्हणायची, "हाँ मामी, खाके आई हूँ, पर मटर इधर दीजिए." त्या वर्षी तिचं बी.एस्सी. झालं होतं. दूरच्या एका संख्याशास्त्राच्या संस्थेच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं तिच्या डोक्यात होतं. तिथे फार थोड्यांना घेतात. नलूताई मला म्हणाल्या, "तू गणितातली, जरा घे ना तिचं. घरी तर दिनभर फोन घेऊन लोळत असते." मग ती रोज दुपारी स्कूटरवरून यायची. मफलर, कानटोपी, नाकाचा शेंडा लाल, आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी.

गणितं सोडवून कंटाळा आला की आम्ही पत्ते काढायचो. माझा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. तो तिने एकदा पाहिला आणि विचारलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं त्या घरात मी एकटीच तो खेळ मनातल्या मनात खेळत होते. सुधीर वनस्पतिशास्त्रज्ञ, त्याच्या प्रयोगशाळेत रमलेला. त्याला एकदा दाखवला तर म्हणाला, "छान आहे." तो कसा 'छान आहे' म्हणतो ते मला माहीत आहे. आणि इथे ही पोरगी मांडी घालून समोर बसली होती आणि डोळे चमकवत म्हणत होती, "फिर? फिर क्या होता है, मामी?"

मी एकेक पत्ता उलटायचे, ती पुटपुटायची. एक... दो... एक... सिफर... माइनस एक... तिचा आवाज, पतंगांची फडफड, कुणाच्यातरी गच्चीवरचा रेडिओ. मी अर्धवट गुंगीत पत्ते टाकत राहायचे. शेवटचा पत्ता पडला की ती म्हणायची, "सिफर." शून्य. दरवेळी. थोड्याच दिवसांत तिने सगळे फाटे पाठ केले. मला त्याला एक अख्खा उन्हाळा लागला होता. तरी तोवर माझं काही बिघडलं नव्हतं. शिकवणाऱ्याला बरंच वाटतं ना, आपलं कुणी इतक्या लवकर उचललं की?

मग एकदा तिने विचारलं, "मामी, ये नंबर आए कहाँ से? बारह-तीन का फाटा दो पे ही क्यों?"

मी म्हटलं, "ठरलेले असतात ते."

"किसने ठहराए?"

मी म्हटलं, "मटार सोल."

ती सोलत राहिली. मग तिने परातीतले दाणे एका बाजूला केले, सालं दुसऱ्या बाजूला. दाणे म्हणजे दहाचे पत्ते, सालं म्हणजे बाकीचे. बाराला मारणारा पत्ता फक्त दहाचा, बरोबर? मग दहाचे किती उरले की पत्ता घेणं महाग पडतं? एकेक दाणा ती सरकवत गेली, ओठांशी हिशेब करत, मध्येच एखादा दाणा तोंडात टाकत – आणि एका जागी थांबली. "ये देखिए, यहाँ पलट गया. दो के पास ही आता है." मला म्हणाली, मजेत, जसं कुणी रस्त्यात सापडलेलं पीस दाखवावं तसं. आणि मग उरलेले दाणेही खाऊन टाकले.

तुम्हाला यात काय विशेष वाटणार? एका मुलीने मटार सरकवले. पण माझा प्रबंध अर्धा राहिलेला आहे. लोकांना मी सासूबाईंचं आजारपण सांगते, सुधीरची बदली सांगते. दोन्ही गोष्टी झाल्या होत्या हे खरंच. पण प्रबंध राहिला तो त्यामुळे नाही. मला पुढे सुचलं नाही. मला तक्ता पाठ करता येतो, उत्तम येतो. तक्ता कुठून आला ते शोधता येत नाही. हे माझं मला फार आधी कळलं होतं, आणि मी ते नीट घडी घालून ठेवून दिलं होतं. त्या दुपारी बावीस वर्षांच्या पोरीने ती घडी मोडली, आणि मोडली हे तिला कळलंसुद्धा नाही.

मला तिचा हेवा वाटला. मोठ्या मामीला भाचीचा. लिहितानाही लाज वाटते, पण हेवा हाच शब्द आहे, दुसरा नाही.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी – शेवटचा पत्ता पडला आणि ती म्हणाली, "माइनस वन."

मी हसले. खरंच हसले, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. म्हटलं, चुकलीस, परत. परत माइनस वन. ती कपाळाला हात मारून म्हणाली, "क्या यार, आज दिमाग कहाँ है मेरा!" आम्ही आवरलं, ती गेली. संध्याकाळी मी रजाईची घडी घालायला घेतली, तर खोळीच्या फटीतून एक पत्ता खाली पडला. किलवरची पंजी.

म्हणजे कॅटात एक्कावन्नच पत्ते होते. एक लहान पत्ता कमी, म्हणून शेवट उणे एकवर. पोरगी दोन्ही वेळा अचूक होती. तिने जे होतं ते बरोबर मोजलं होतं.

धुकं परत उतरायला लागलं होतं. मी तो पत्ता हातात धरून उभी राहिले. उद्या सांगू, असं म्हटलं आणि स्वेटरच्या खिशात ठेवला. मग दुसरी दुपार आली, ती आली, पत्ते निघाले – आणि मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मनात एक वाक्य आलं होतं, ते जसंच्या तसं आठवतं: एक दिवस तरी कळू दे हिला, न येणं काय असतं. एकच दिवस. मी खरोखर तेवढंच ठरवलं होतं. पण मांजर डोळे मिटून दूध पितं ना, ते एका घोटावर कधी थांबलंय?

तो हिवाळा मला स्वप्नासारखा आठवतो. रोज तेच पातळ ऊन, तीच रजाई, तेच पुटपुटणं. एक... दो... एक... सिफर... आणि शेवटी दबक्या आवाजात – "माइनस वन, मामी." मी मान हलवायचे. "परत." मी तिला ओरडले नाही कधी. उलट मायेनं बोलायचे. तिच्यासाठी गरम घुघनी, म्हणजे इकडची मटारची उसळ, करून वर आणायचे, तिच्या खांद्यावर शाल टाकायचे. ओठात एक, पोटात एक म्हणतात ना – तसंही नव्हतं. पोटातही तिच्याबद्दल माया होतीच. दोन्ही एकाच जागी राहत होती, एकमेकींना धक्का न लावता. हे कसं जमतं ते मला आजही सांगता येत नाही.

फाट्यांचे धडे मी थांबवले. म्हटलं, मोजणी पक्की नाही तोवर फाटे शिकून उपयोग नाही. एकाच्या चुकीनं सोळावर थांबायचं तिथे पत्ता घेशील. वाक्य शास्त्रानुसार अगदी बरोबर होतं. माझी सगळीच वाक्यं बरोबर होती.

आता जे सांगायचंय ते – त्याच्याभोवती मी किती वेळ फिरते आहे, तुमच्या लक्षात आलंच असेल.

एके दिवशी तिने पत्ते हातात घेतले आणि म्हणाली, "मामी, कहीं पत्ता तो कम नहीं है? हर बार एक ही का फ़र्क़ क्यों आता है?"

अर्थात तिला कळणारच होतं. मटारच्या दाण्यांवरून फाटा काढणारी मुलगी ती. तिने तसं विचारलं तेव्हा मला सुटायला वाट होती, अगदी रुंद. 'अगं हो, बघू या' म्हणायचं, मोजायचे, पंजी कुठूनतरी सापडल्यासारखं करायचं, दोघींनी हसायचं. पंजी तर माझ्या खिशातच होती, स्वेटरच्या. तिची कड बोटाला लागत होती. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर हिला कळेल मला किती दिवसांपासून माहीत आहे. कळलं नसतं. पण मला तसं वाटलं.

मी तिच्या हातातून कॅट घेतला. म्हटलं, "आण, मोजू." आणि तिच्यासमोर, उन्हात, एकेक पत्ता रजाईवर टाकत मोठ्यांदा मोजायला लागले. चौतीसनंतरचा पत्ता टाकताना छत्तीस म्हटलं. पस्तीस गाळलं. आवाजाचा ताल मोडला नाही. गणिताच्या बाई मोजत असताना आकड्यांकडे कुणी लक्ष देतं का? ती पत्त्यांकडे बघतही नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटचा पत्ता टाकला आणि म्हटलं – बावन्न.

हे मी केलं. पत्ता रजाईत अडकला तो अपघात होता, पण पस्तीस मी गाळलं.

ती म्हणाली, "अच्छा. तो फिर मैं ही..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

मी त्यावर आणखी एक पुट चढवलं. म्हटलं, "फरक दर वेळी एकाचाच येतो, कारण तू रोज एकच चूक करतेस. सवय लागली की आपली चूक आपल्याला दिसत नाही, केतकी. बाहेरच्याला दिसते." तिने ते मन लावून ऐकलं. मला वाटतं, परीक्षेचं काहीच तिने इतकं मन लावून ऐकलं नसेल.

त्यानंतर ती हळू मोजायला लागली. आधी पत्ते तिच्यासमोरून वाहायचे. आता ती प्रत्येक पत्त्याला बोट लावायची. ओठ हलायचे, मध्येच थांबायची, "रुकिए मामी, एक मिनट" म्हणायची, डोळे घट्ट मिटायची. आणि मग तिच्या खऱ्या चुका व्हायला लागल्या. कधी अधिक दोन, कधी उणे चार. माझ्या पंजीचा त्यात काही हात नव्हता. तिचा स्वतःवरचा विश्वास हलला होता, आणि तो हलला की मोजता येत नाही. श्वास कसा घेतो याचा विचार करत कुणी श्वास घेतला तर तो अडकतोच ना? तसं. गणितं सोडवतानाही तेच. बरोबर आलेलं उत्तर खोडायची. माझ्याकडे बघायची – ठीक आहे का? – आणि मी मान हलवेपर्यंत पेन उचलायची नाही.

आणि मला बरं वाटत होतं. सांगितलंच पाहिजे. कुणाला तरी माझ्या मान हलवण्याची इतकी गरज आहे, हे मला बरं वाटत होतं.

होळीच्या जरा आधी नलूताईंचा फोन आला. ऊन आता चटकायला लागलं होतं, गच्चीवर बसणं संपत आलं होतं. म्हणाल्या, "अगं, ही म्हणते परीक्षेला बसत नाही. आता तारीखही आली जवळ. तुला काय वाटतं, तिला जमेल का? तू रोज बघतेस. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं. मी म्हटलं, "हुशार आहे हो. पण मोजणीत कच्ची आहे."

नलूताई म्हणाल्या, "मग राहू दे. उगाच तिकडे जाऊन हात दाखवून अवलक्षण नको." आणि त्या घरच्या पापडांबद्दल बोलायला लागल्या.

तिचं गच्चीवर येणं थांबलं, तेव्हा मी एकदा पंजी कॅटात घातली, पत्ते पिसले आणि एकटीच मोजत बसले. मोजणी शून्यावर आली. मी तो कॅट पुन्हा कधी उघडला नाही.

तुम्ही म्हणाल, ती परीक्षा ती पास झाली असती कशावरून? हे मीही म्हणून पाहिलंय, पुष्कळ वेळा. संभाव्यता शिकवते मी. अशी वाक्यं मला चांगली जमतात. पण मी तिची परीक्षा हिरावली नाही. मी तिच्या हातातून त्याहून जवळचं काहीतरी काढून घेतलं. आपण मोजलेलं बरोबर आहे हे आतून कळतं ना, ते. ते तिच्यापाशी इतकं होतं की तिला त्याची खबरही नव्हती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. केतकीचं लग्न झालं, मुलगी झाली. ती चिनहटला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. कामात चोख आहे असं सगळे सांगतात, हसतमुख आहे, दुःखी वगैरे नाही. तसं चित्र मी काढणार नाही. पण मी पाहिलंय – भाजीवाल्याला पैसे देताना सत्तावीस अधिक अठरासुद्धा ती फोन काढून करते. दिवाळीत सगळे जमले की घरात रमी मांडतात, आणि गुण मांडायला कुणी तिला सांगितलं की ती दोन्ही हात वर करते. "ना बाबा, मेरी गिनती कच्ची है. मामी से पूछ लीजिए." सगळे हसतात. थट्टेचा विषय आहे तो आमच्याकडे, जुना. सुधीरही हसतो. मी हसत नाही, पण मी दुसरंही काही करत नाही. चकल्यांची परात पुढे सरकवते.

किती वेळा वाटलं, सांगावं. एकदा तर दोघीच स्वयंपाकघरात होतो, ती माझ्या हातची घुघनी खात होती, बाहेर धुकं होतं. मी म्हटलं, "केतकी, ऐक ना." ती म्हणाली, "हाँ मामी?" आणि तिने असं निवांत वर पाहिलं की मी म्हटलं, "मीठ बरोबर आहे का?"

ती म्हणाली, "आप बताइए, आपको ज़्यादा पता है."

गेल्या महिन्यात, सकाळी, ती सईला घेऊन आली. सई तिची मुलगी, सहा वर्षांची. शाळेतून तक्रार आली होती की गणितात लक्ष नाही. मी दार उघडलं. केतकी चपला न काढता उंबऱ्यातच उभी होती, तिला चिनहट गाठायचं होतं. म्हणाली, "मामी, इसे आप ही पढ़ाइए. मेरे बस का तो है नहीं." मग खाली वाकून तिने मुलीची कॉलर नीट केली आणि तिला म्हणाली, "मामीआजी का कहना मानना, हाँ? बहुत ध्यान से देखती हैं. मम्मा की ग़लती भी इन्होंने ही पकड़ी थी. और किसी को दिखती ही नहीं थी."

सईने माझ्याकडे पाहिलं. आईचेच डोळे आहेत.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "ये गं, आत ये."